कल्याण ते रबाळे : गर्भविद्येचा एक मागोवा

कल्याणच्या जोशी घराण्यात ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेली यमुना, म्हणजेच पुढे डॉक्टर म्हणून कीर्ती पावलेल्या आनंदीबाई, यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात पदवीसाठी जो प्रबंध सादर केला त्याचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता, ही गोष्ट त्यांच्या समुद्रप्रवासाच्या आणि अकाली निधनाच्या कथेखाली जवळजवळ झाकली गेली आहे. टपाल खात्यातील कारकून गोपाळरावांशी नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि अवघ्या दहा दिवसांच्या मुलाचा मृत्यू एवढे सोसलेल्या विद्यार्थिनीने हाच विषय निवडावा, यात मला तरी योगायोग दिसत नाही. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात नेमणूकही झाली. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला आणि ती विद्या कल्याणच्या बाळंतिणींपर्यंत पोहोचलीच नाही.

ज्या प्राचीन परंपरेचा त्यांनी मागोवा घेतला, तिच्यात गर्भाविषयीचे कुतूहल मुळीच कमी नव्हते. गर्भाचे कोणते अंग आधी निर्माण होते, याविषयीचा एक वादच सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात नोंदलेला आहे : शौनक म्हणतो मस्तक, कारण ते इंद्रियांचे मूळ; कृतवीर्य म्हणतो हृदय; पाराशर्य म्हणतो नाभी; मार्कंडेय म्हणतो हातपाय; सुभूति गौतमाच्या मते धड; आणि अखेरीस धन्वंतरी निर्णय देतो की सर्व अंगे एकदमच होतात, मात्र वेळूच्या कोंभातील किंवा कोवळ्या आंब्यातील भागांप्रमाणे ती सूक्ष्म असल्याने दिसत नाहीत. न्याय करायचा तर शौनकाचे म्हणणे अगदीच वाया गेलेले नाही. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या मज्जानलिकेपासून घडतात ती गर्भधारणेनंतर साधारण अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मिटलेली असते, म्हणजे पुष्कळदा दिवस गेल्याची खात्री आईला होण्यापूर्वीच. ती वरच्या टोकाला उघडी राहिली तर मेंदू व कवटी बनत नाही, आणि खाली उघडी राहिली तर कणा दुभंगलेला राहतो. असे एक मूल होऊन गेलेल्या मातांना पुढील खेपेस फॉलिक आम्ल आधीपासून दिल्यास हा धोका सुमारे ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले. गोळी काही पैशांची, पण ती योग्य वेळी पोटात जायला हवी!

गर्भ प्रत्यक्ष पाहण्याची सोय आली ती सोनोग्राफीने, आणि तिच्या मागोमाग कायदाही आला. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम केला, केंद्राचा १९९४ मध्ये झाला. म्हणूनच डोंबिवलीतल्या लहानशा केंद्रातही गर्भलिंग तपासणी होत नसल्याची पाटी भिंतीवर असते आणि तपासणीपूर्वी फॉर्म एफवर गर्भवतीची सही घेतली जाते. मेंदूतील व्यंग दाखवणारी तपशीलवार सोनोग्राफी मात्र अठराव्या ते विसाव्या आठवड्याच्या सुमारास होते, आणि १९७१ च्या गर्भपात कायद्याची मुदत नेमकी विसाव्या आठवड्याला संपत असे. त्यामुळे निदान झाले की दांपत्याने दवाखान्याऐवजी न्यायालयाचा उंबरठा चढायचा, अशी विपरीत स्थिती वर्षानुवर्षे होती. १६ जानेवारी २०१७ रोजी, कवटी नसलेल्या चोवीस आठवड्यांच्या गर्भाच्या मातेला सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताची मुभा दिली, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातील वैद्यकीय मंडळाच्या अहवालावरून. २०२१ च्या दुरुस्तीने अशा गंभीर व्यंगांसाठी मुदतीची अटच काढून तो अधिकार वैद्यकीय मंडळाकडे सोपवला.

गर्भविद्येतील मूलपेशींचे, म्हणजे इतर पेशींना जन्म देणाऱ्या पेशींचे, प्रकरण त्यामानाने अगदी अलीकडचे. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकी सरकारने संशोधन-अनुदानास पात्र अशा मानवी भ्रूण-मूलपेशींची जी यादी जाहीर केली, तिच्यात रिलायन्स लाइफ सायन्सेसच्या सात पेशीवंशांचा समावेश होता; याच संस्थेचे केंद्र पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळे येथे उभे राहिले. परळच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेत दीपा भारतीय आणि सहकाऱ्यांनी किंड-१ व किंड-२ हे दोन पेशीवंश सिद्ध केले. मूलपेशींची ही वाट पुढे दुभंगलेल्या कण्याच्या उपचाराकडेही वळली. आईच्या पोटात असतानाच दुभंगलेला कणा शस्त्रक्रियेने शिवणे हे जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेपेक्षा हितकारक ठरते, हे २०११ मध्ये अमेरिकेत दिसून आले होते. त्या शिवणीवर वारेतून काढलेल्या मूलपेशींचा तुकडा बसवण्याची पहिली मानवी चाचणी २०२१ मध्ये कॅलिफोर्नियात डायना फार्मर यांच्या पथकाने सुरू केली.

ती चाचणीच आहे, उपचार नव्हे, हा भेद मात्र जाहिरातींच्या भाषेत सोयीस्करपणे पुसला जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही विकारांतील प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा कोणताही वापर रीतसर नोंदलेल्या चाचणीतच करता येतो, आणि त्यात सहभागी होणाऱ्याकडून पैसे आकारता येत नाहीत. जन्मजात मेंदूविकाराच्या मुलाची फाइल काखेत घेऊन कल्याण-डोंबिवलीतून निघालेल्या बापाने पुढ्यात दरपत्रक आल्यास प्रथम चाचणीचा नोंदणी क्रमांक मागावा.