कारंज्याहून डर्बीला

१९४३ साल. तुम्ही कारंजा लाडच्या स्टेशनवर उभे आहात. वाशीम जिल्हा व्हायला अजून पंचावन्न वर्षे आहेत. सध्या कारंजा अकोला जिल्ह्यात आहे. समोर नॅरोगेजची छोटी गाडी वाफ सोडत उभी आहे. पुढे सगळा मुलूख हिला लाडाने ‘शकुंतला’ म्हणणार आहे. इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्ये घडवलेले. ही लाइन टाकली तीच वऱ्हाडच्या कापसासाठी. मूर्तिजापूरला मुख्य लाइन लागते, आणि तिथून कापसाच्या गाठी जातात त्याच वाटेने तुम्हीही मुंबईला निघता.

बोरीबंदरला उतरलात की रस्त्यावर खाकी गणवेश जिकडेतिकडे दिसतात, महायुद्ध चालू आहे. महालक्ष्मीच्या शर्यतींना जायला तुम्ही व्हिक्टोरिया करता. गाडीला जुंपलेला घोडा बघून घ्या. मान खाली, चाल ठरलेली. थोड्या वेळाने जे घोडे दिसणार आहेत ते याच जातीचे प्राणी आहेत यावर विश्वास बसणार नाही.

महालक्ष्मीचे मैदान पूर्वी दलदलीचे होते. शर्यती तेव्हा भायखळ्याला व्हायच्या, बहुतेक अरबी घोड्यांच्या. इथले रेसकोर्स १८८३चे. पुढे त्याच्या भरभराटीला हातभार लागला तो सर कुसरो वाडियांसारख्या गिरणीमालकांचा. गिरण्या चालल्या कापसावर, आणि त्या कापसातला मोठा वाटा वऱ्हाडच्या काळ्या मातीतला. म्हणून सांगतो, या हिरवळीवर उभे राहताना बुजू नका. टोपी घातलेल्या साहेबाइतकाच तुमचाही इथे हक्क आहे.

गर्दी पैजेच्या खिडक्यांकडे वळते. तुम्ही पॅडॉकपाशी जा. मोतद्दार घोडे हातात धरून गोल फिरवतात. कातडी इतकी पातळ की खालची शीर न् शीर दिसते. माशी बसली तर तेवढ्याच जागेची कातडी थरथरते. पुठ्ठ्यावर घामाची ओल चमकते आणि नाकपुड्या लालसर होऊन फुलतात. जॉकी खोगिरासकट काट्यावर उभा राहून वजन देऊन आलेला असतो. कमी भरले तर खोगिराच्या कप्प्यात शिशाचे पत्रे घालून ते पुरे करतात. मग एका झटक्यात तो घोड्यावर, आणि जनावराचे कान ताठ.

आज पहिली इंडियन डर्बी आहे. अंतर दीड मैल, पुढे ज्याला २,४०० मीटर म्हणतील ते. आधी टापा ऐकू येत नाहीत, पायाखालची जमीन कळवते. वळण संपते, घोडे सरळ पट्ट्यावर येतात आणि आवाज एकदम अंगावर येतो. जिंकते एक शिंगी, म्हणजे तरुण घोडी, प्रिन्सेस ब्युटिफुल. पाठीवर ऑस्ट्रेलियाचा जॉकी एडगर ब्रिट, आणि मालक बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड. पहिल्याच डर्बीचा मान मराठी घराण्याकडे गेला, याचा मला आजही मनापासून आनंद होतो.

या शर्यतीचे मूळ बघायचे तर आणखी मागे चला. १७८०, इंग्लंडात एप्समची टेकडी. पुण्यात नाना फडणीस इंग्रजांशी झुंजत आहेत, तुमच्या वऱ्हाडावर निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दुअंमल आहे. इकडे एप्समला तीन वर्षांच्या घोड्यांची पहिली डर्बी फक्त एक मैल धावली जाते आणि सर चार्ल्स बनबरींचा डायोमेड जिंकतो. शर्यतीला नाव कुणाचे द्यायचे, बनबरींचे की अर्ल ऑफ डर्बींचे, हे नाणे उडवून ठरले असे सांगतात.

तिथले वय तीन, आपल्याकडे चार. फरक वाटतो तेवढा नाही. एक जानेवारीला सगळ्या घोड्यांचे वय एका वर्षाने वाढते, आणि आपली डर्बी साधारण फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. म्हणजे डिसेंबरात तीन वर्षांचे म्हणून धावलेले घोडेच इथे चार वर्षांचे म्हणून उतरतात. पुढच्या वर्षी वय निघून जाते. घोड्याला डर्बी आयुष्यात एकदाच.

आता पुढे चला. १९४७ला प्रतापसिंहरावांचा एक घोडा एप्समच्या डर्बीत तिसरा येतो, मग आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकतो. त्याचे नाव सयाजीराव. १९७७ला तुम्ही पुन्हा महालक्ष्मीला, स्क्वाँडरर नावाचा घोडा बघायला. कारकिर्दीतल्या १९ शर्यतींपैकी १८ जिंकणारा हा घोडा, आणि त्याच्यावर आपले वसंत शिंदे. माझ्या मते भारतीय रेसिंगमध्ये अशी जोडी क्वचितच जमली. २०१०ला जॅकलिन ही शिंगी नरांना मागे टाकून डर्बी नेते.

२०२४ला थांबा. मैदानाच्या २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या टर्फ क्लबकडे, अशी वाटणी ठरली आहे. बहुतेक गिरण्या कधीच बंद पडल्या. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ला निवृत्त झाले, आणि आता गाडीही थांबली आहे.

डर्बी मात्र चालू आहे. मूर्तिजापूरहून आजही मुंबईची गाडी मिळते. फेब्रुवारीत एकदा जाऊन या, लेकरांनाही घेऊन जा. पैजेच्या खिडकीकडे फिरकू नका, तिने अनेक घरे बसवली आहेत. पॅडॉकच्या कठड्याला टेकून घोडे बघा.