आकड्यांची चित्रे : मुक्त साधनांची सूची कशी पारखावी?

खास प्रतिनिधी

मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांचा एकूण उपयुक्त साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर असून, त्यापैकी सुमारे ७ लाख १७ हजार दशलक्ष लिटर एकट्या भातसा धरणातील आहे. हे धरण ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा विरोधाभास संकेतस्थळावर आलेख वा नकाशातून मांडायचा, तर त्यासाठी लागणारी मुक्तस्रोत साधने विनामूल्य उपलब्ध आहेत. अडचण आहे ती निवडीची. तेथे जाणकारांनी पारखून केलेल्या सूची उपयोगी पडतात.

अशा सूची दोन प्रकारच्या असतात. २०१४ पासून 'गिटहब'वर रूढ झालेल्या 'ऑसम' याद्यांत साधने विषयवार मांडलेली असतात. 'फ्रॉम डेटा टू व्हिज' मात्र हाती असलेल्या माहितीच्या स्वरूपावरून योग्य आलेख सुचविते.

सूची विश्वासार्ह आहे का, हे पुढील कसोट्यांवर ठरवावे.

देखभाल : 'प्रोटोव्हिस'चे काम २०११ मध्ये थांबले आणि त्याच्या कर्त्यांनी 'डी३' पुढे आणले. जुने साधन आजही कोणत्याही सूचनेविना यादीत असेल, तर ती यादी कोणी तपासत नाही असे समजावे.

परवाना : 'हायचार्ट्स'ची आज्ञावली वाचता येते, परंतु व्यावसायिक वापरासाठी शुल्क भरावे लागते. 'चार्ट.जेएस', 'लीफलेट' आणि 'अपाचे ईचार्ट्स' यांना तसे बंधन नाही.

वजन : मोबाइलचे जाळे क्षीण असलेल्या पाड्यांवर जड पान उघडत नाही. नकाशासाठीचे 'लीफलेट' अवघे ४२ किलोबाइटच्या आसपास आहे.

भाषा : काही नकाशा-साधनांत देवनागरी जोडाक्षरे तुटतात. निवडीपूर्वी 'म्हसा', 'टोकावडे', 'खर्डी' ही नावे लिहून पाहावीत.

सूची साधन सुचविते. आकडे आणि सीमा तपासण्याचे काम मात्र आपलेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे २०११ च्या जनगणनेतील ठाण्याची १ कोटी १० लाख ६० हजार १४८ ही लोकसंख्या १५ तालुक्यांच्या अविभाजित जिल्ह्याची आहे. आजच्या सात तालुक्यांच्या नकाशावर ती जशीच्या तशी टाकल्यास चित्र खोटे ठरते. शिवाय, जिल्ह्याची सरासरी काढली की ठाणे-कल्याणच्या दाट वस्तीत शहापूर आणि मुरबाड दिसेनासे होतात. म्हणून साधन कोणतेही निवडले, तरी आकडे तालुकावार, आणि पाण्यासारख्या प्रश्नात गाववार, मांडणे आवश्यक आहे.