पेशी जपायच्या की माणूस? पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेचा इतिहास

१/
पुण्याहून सोलापूरकडे जाणारा रस्ता दौंड तालुक्यात शिरला की यवत लागते. तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आणि त्या मुक्कामातील पिठले-भाकरी यांमुळे हे गाव वारकऱ्यांच्या परिचयाचे आहे. जवळच भुलेश्वराचा डोंगर. तो ओलांडला की पुरंदर तालुका. याच तालुक्यातील बेलसर या गावी २०२१ च्या जुलैमध्ये तापाची साथ पसरली आणि महिनाअखेरीस महाराष्ट्रातील झिकाच्या पहिल्या रुग्णाची नोंद तेथे झाली.

२/
बेलसरचे रक्तनमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत तपासले गेले. त्यांत चिकुनगुन्या होता, डेंग्यू होता आणि एका नमुन्यात झिका. तिन्ही विषाणू एडिस डासांमार्फत पसरतात आणि तिन्हींची सुरुवातीची लक्षणे बरीचशी सारखी असतात. अशा विषाणूंना प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी आज जगभर डासाच्या ज्या पेशी वापरल्या जातात, त्यांचे मूळ याच संस्थेत आहे. त्या पेशींची आणि त्या हाताळणाऱ्या माणसांच्या सुरक्षिततेची ही गोष्ट आहे.

३/
आधी थोडे जीवशास्त्र. पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक. तिच्याभोवती पेशीपटल असते, आत केंद्रक असते आणि प्रथिने घडवणारे असंख्य रायबोसोम असतात. एकसारखे काम करणाऱ्या पेशींचा समूह म्हणजे ऊती. विषाणूजवळ यांपैकी काहीच नसते. असतो तो केवळ जनुकीय मजकूर आणि त्यावरचे आवरण. पेशीत शिरून, तिचेच रायबोसोम राबवून तो आपल्या प्रती काढून घेतो. जिवंत पेशीवाचून विषाणू वाढत नाही. म्हणून विषाणूचा अभ्यास करणाऱ्याला आधी पेशी जगवावी लागते.

४/
शेतकऱ्याला ‘टिश्यू कल्चर’ हा शब्द केळीच्या रोपांमुळे ठाऊक असतो. तत्त्व प्राण्यांच्या बाबतीतही तेच. ऊतीचा तुकडा घ्यायचा, ट्रिप्सिनसारख्या विकराने पेशींमधले बंध सोडवायचे आणि सुट्या झालेल्या पेशींना क्षार, शर्करा, अमिनो आम्ले आणि रक्तद्रव असलेल्या द्रवात वाढवायचे. शरीरात या पेशींभोवती त्वचा असते, रक्षणासाठी पांढऱ्या पेशी असतात. काचेच्या बाटलीत त्यांचा रखवालदार एकच: प्रयोग करणारा माणूस.

५/
१९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू केले. आजची राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था ती हीच. हे नाव तिला १९७८ मध्ये मिळाले. त्या काळी डासांकरवी पसरणारा विषाणू शोधायचा तर रुग्णाचे रक्त उंदराच्या नवजात पिलाच्या मेंदूत टोचून पिलू आजारी पडण्याची वाट पाहावी लागे. पद्धत उपयुक्त होती, पण संथ आणि कष्टाची.

६/
१९५७ मध्ये केंद्रापुढे मोठी कसोटी आली. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसे तापाने फणफणली. माकडांचे मृत्यू पाहून प्रथम शंका आली ती पीतज्वराची. पुण्याच्या पथकाने शोधला तो मात्र गोचिडांमार्फत पसरणारा, जगाला अपरिचित असा विषाणू. ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ असे त्या रोगाचे नाव पडले. पुढे सिंधुदुर्गात पोहोचलेला हा रोग तेथे ‘माकडताप’ म्हणून ओळखला जातो.

७/
या शोधाची किंमत प्रयोगशाळेने स्वतः मोजली. माकडतापाचा विषाणू हाताळणारे अनेक कर्मचारी आणि संशोधक त्याच रोगाने आजारी पडले. त्यांना गोचीड चावली नव्हती. ते जंगलात गेलेच असतील असेही नव्हते. प्रयोगशाळांतील संसर्गाची उदाहरणे देताना जगभरच्या ग्रंथांत माकडतापाचे नाव आजही येते.

८/
गोचिडीचा विषाणू गोचिडीविना माणसात शिरला कसा? उत्तर हवेत होते. ऊती वाटताना, सेंट्रिफ्यूज फिरवताना, सुईतून द्रव जोराने सोडताना किंवा बाटलीचे बूच झटकन उघडताना डोळ्यांना न दिसणारे तुषार उडतात. ते हवेत तरंगत राहतात आणि श्वासावाटे आत जातात. शिवाय त्या काळी पिपेट तोंडाने ओढण्याची रीत सर्वत्र होती. काचनळीत कापसाचा बोळा असला, तरी चूक आणि जीभ यांत अंतर राही ते काही सेंटिमीटरचेच.

९/
हा प्रश्न एकट्या पुण्याचा नव्हता. सल्किन आणि पाइक या अमेरिकी संशोधकांनी सुमारे ५,००० प्रयोगशाळांची विचारपूस करून १९५१ मध्ये १,३४२ संसर्गांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील थोड्याच प्रकरणांत सुई टोचली, काच फुटली असा ठळक अपघात सांगता आला. उरलेली माणसे नेहमीचे काम नेहमीच्या पद्धतीने करत असतानाच आजारी पडली होती. धोका अपघातापेक्षा सवयीत अधिक होता.

१०/
दरम्यान जीवशास्त्रज्ञ आणखी एका प्रश्नाशी झुंजत होते. डासांकरवी पसरणारे विषाणू डासाच्याच पेशींत वाढवता आले तर? पण कीटकांच्या पेशी बाटलीत टिकवणे अवघड. ऑस्ट्रेलियातील टी. डी. सी. ग्रेस यांनी १९६२ मध्ये एका पतंगाच्या पेशी अखंड वाढवून दाखवल्या आणि १९६६ मध्ये एडिस इजिप्ती डासाच्या पेशींची नोंद केली. पुढे १९७० च्या दशकात तपासणी झाली, तेव्हा त्या ‘डासाच्या’ पेशी पतंगाच्याच निघाल्या. एका बाटलीतील पेशी दुसरीत शिरल्या होत्या.

११/
१९६७ मध्ये पुण्याच्या केंद्रातील के. आर. पी. सिंग यांनी एडिस अल्बोपिक्टस आणि एडिस इजिप्ती या डासांच्या नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांपासून पेशींच्या दोन वंशमाला मिळवल्या आणि ‘करंट सायन्स’मध्ये ते प्रसिद्ध केले. कल्पना करावी: डासाची अळी साचलेल्या पाण्यात जन्मते, तिच्या अंगावर जिवाणूंची वस्ती असते. त्यांपैकी एक जरी बाटलीत गेला, तर तो वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतो. पेशीला त्याच कामाला तास नव्हे, कधी दिवस लागतो. शर्यत सुरू होण्याआधीच संपते.

१२/
म्हणून पेशीसंवर्धनाचे पहिले प्रकरण जीवशास्त्राचे नसते, शुचितेचे असते. हात आणि ओटा अल्कोहोलने पुसणे, बाटलीचे तोंड ज्योतीवरून फिरवणे, उघड्या बाटलीवरून हात न नेणे, एका वेळी एकाच जातीच्या पेशी हाताळणे, प्रत्येक बाटलीवर नाव आणि तारीख लिहिणे. ग्रेस यांच्या पेशींचे जे झाले ते पाहता यांतला एकही नियम कर्मकांड ठरत नाही.

१३/
सिंग आणि एस. डी. पॉल यांनी १९६८ मध्ये या पेशींत निरनिराळे विषाणू वाढतात हे दाखवले. मग १९७८ मध्ये जपानी विषाणूशास्त्रज्ञ इगाराशी यांनी सिंग यांच्या अल्बोपिक्टस पेशींतून डेंग्यू आणि चिकुनगुन्या उत्तम वाढवणारा एक वंश निवडला. त्याचे नाव ‘सी सिक्स थर्टी-सिक्स’. इगाराशींच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच सिंग यांचे नाव आहे. सुमारे २८ अंश सेल्सिअसला वाढणाऱ्या या पेशी आज जगातील असंख्य प्रयोगशाळांत आहेत. पुण्यातल्या मूठभर अळ्यांचा वंश आजही विभागतो आहे.

१४/
त्याच १९६७ मध्ये युरोपातून भयंकर बातमी आली. पोलिओची लस बनवण्यासाठी युगांडातून आणलेल्या आफ्रिकी हिरव्या माकडांच्या मूत्रपिंडांतून पेशी काढल्या जात. जर्मनीतील मारबुर्ग आणि फ्रँकफुर्ट व युगोस्लाव्हियातील बेलग्रेड येथे या माकडांचे रक्त आणि अवयव हाताळणारे लोक आजारी पडले, त्यांच्यापासून काही परिचारक व आप्तांनाही लागण झाली. एकूण ३१ रुग्ण, ७ मृत्यू. विषाणूला गावाचे नाव मिळाले: मारबुर्ग.

१५/
या घटनेने एक गैरसमज उघडा पाडला. ऊती निर्जंतुक राखली म्हणजे माणूसही सुरक्षित राहिला, असे नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील विलिस व्हिटफील्ड यांनी गाळलेली हवा एकाच दिशेने, संथपणे वाहती ठेवण्याचे तंत्र काढले. त्यावर आधारलेले आडव्या वाऱ्याचे टेबल पेशींसाठी वरदान होते. पण त्यातला वारा मागून पुढे, बाटलीवरून थेट काम करणाऱ्याच्या तोंडावर येतो. बाटलीत विषाणू असेल, तर पेशी शुद्ध राहतात आणि माणूस त्यांचे तुषार श्वासात घेतो.

१६/
त्यावर उतारा म्हणजे जैवसुरक्षा कपाट. त्यात वरून गाळलेली हवा पेशींवर उतरते. पुढच्या फटीतून खोलीतली हवा आत ओढली जाते, म्हणजे तुषार बाहेर पडत नाहीत. आणि बाहेर सोडायची हवा पुन्हा गाळली जाते. ही हेपा गाळणी मुळात अणुबाँब प्रकल्पातील किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी बनली होती. पेशी आणि माणूस या दोघांचाही विचार करणारे यंत्र प्रयोगशाळेत आले, ते इतक्या आजारपणांनंतर.

१७/
१९८४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शिकेने जैवसुरक्षेच्या चार पातळ्या सांगितल्या. शाळा-कॉलेजातील साधी प्रयोगशाळा पहिल्या पातळीत बसते. चौथ्या पातळीत माणूस बाहेरून हवा पुरवलेला पोशाख घालतो, खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवतात आणि सांडपाणीही निर्जंतुक करूनच सोडतात. पुण्यातील पाषाण येथे अशी प्रयोगशाळा २०१२ मध्ये सुरू झाली. माकडतापाने आजारी पडलेल्या त्या कर्मचाऱ्यांच्या शहरात ती उभी राहिली, हे विसरण्याजोगे नाही.

१८/
२०२० च्या वसंतात याच संस्थेने भारतीय रुग्णांच्या नमुन्यांतून करोना विषाणू वेगळा केला. तो वाढवला गेला ‘व्हेरो’ पेशींत. या पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या. म्हणजे मारबुर्गमध्ये काळ ठरलेली ऊतीच. फरक होता तो हाताळण्याच्या रीतीत.

१९/
कॉलेजच्या प्रयोगशाळेत गालाच्या आतली त्वचा हलकेच खरवडून, मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून विद्यार्थी पहिल्यांदा स्वतःची पेशी पाहतो. तेथेच भिंतीवर पाटी असते: खाऊ-पिऊ नये, पिपेट तोंडात धरू नये, काम संपल्यावर हात धुवावेत. ती पाटी कंटाळवाणी वाटते, कारण तिच्यावर कोणाचेही नाव नसते. तिच्यातील बहुतेक ओळींमागे आजारी पडलेला कोणी ना कोणी आहे.

२०/
यवत काय किंवा बेलसर काय, गावाकडून विषाणूच्या तपासणीसाठी पुण्याला जाणारा नमुना तीन आवरणांत बांधावा, असा नियम आहे. सर्वांत आत घट्ट झाकणाची नळी. तिच्याभोवती द्रव शोषणारे वेष्टन आणि न गळणारा डबा. त्याबाहेर भक्कम पेटी, तिच्यात बर्फाच्या पिशव्या. गारवा असतो तो नमुना टिकावा म्हणून. बाकीची आवरणे ती पेटी शेजारी ठेवून गाडी चालवणाऱ्या माणसासाठी असतात.