एक गाव, एक पुस्तक

लहानपणी आमच्या गावी श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. वाचणारा एक, ऐकणारं सारं गाव. दुसऱ्या दिवशी पारावर आणि पाणवठ्यावर कालच्या अध्यायाचीच चर्चा. ही आठवण पुन्हा जागी झाली ती थेट अमेरिकेत, सिएटलला लेकीकडे गेलो तेव्हा.

तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल होत्या. सगळ्या सिएटलने एकच पुस्तक वाचलं तर काय होईल, ही कल्पना त्यांनी १९९८ साली प्रत्यक्षात आणली. पहिलं पुस्तक निवडलं रसेल बँक्स यांची 'द स्वीट हिअरआफ्टर' ही कादंबरी. एका छोट्या गावात शाळेच्या बसला अपघात होतो, मुलं दगावतात. मग दोष कुणाचा, भरपाई कुणाकडून, यावरून दुःखात बुडालेलं गाव दुभंगतं. चार माणसं तीच हकिकत आपापल्या परीने सांगतात. वाद घालायला याहून चांगलं पुस्तक कुठलं!

२००१ साली शिकागोने हीच वाट धरली. त्यांचं पुस्तक होतं हार्पर ली यांचं 'टू किल अ मॉकिंगबर्ड'. खोट्या आरोपात अडकलेल्या कृष्णवर्णीयाची बाजू घेणाऱ्या गोऱ्या वकिलाची ही गोष्ट. पुढे अनेक गावांनी हा उपक्रम उचलला. न्यूयॉर्कला मात्र २००२ साली दोन पुस्तकांपैकी कुठलं घ्यायचं यावरच एकमत होईना! ते वाचून मला आपली वार्षिक सर्वसाधारण सभा आठवली.

पोथीत आणि यात एक फरक आहे. पोथी श्रद्धेने ऐकायची, इथे मतभेदाला मोकळीक. पुस्तक एक, पण मत एक व्हावं असा आग्रह नाही. मी आयुष्यभर बँकेत काढलं, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: हे संयुक्त खातं आहे. प्रत्येकाने आपली भर टाकायची आणि लागेल तेव्हा काढायचं.

हे सगळं आज लिहायचं कारण सांगतो. मागच्या वर्षी आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ आठ दिवस रुग्णालयात होते. मला ते वॉचमनकडून कळलं. त्याची लाज अजून वाटते. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, टाकी दुरुस्त केली, दोनदा रंग काढला. पण बोलणं होतं ते पार्किंगवरून आणि पाण्यावरून.

म्हणून समितीला विनंती, की येत्या वर्षी एक मराठी पुस्तक ठरवावं. चार-पाच प्रती क्लब हाऊसच्या कपाटात ठेवाव्यात. ज्यांना दिसत नाही त्यांना मुलांनी वाचून दाखवावं. दिवाळीनंतर एका रविवारी सगळ्यांनी गच्चीवर जमावं. चहा माझ्याकडून. भांडण झालं तरी चालेल, निदान ते पार्किंगवरून नसेल!