‘रणदुंदुभि’ : अमरावतीची लेखणी, वझेबुवांची चाल

#थ्रेड ‘परवशता पाश दैवे’ हे नाट्यपद आपण मास्टर दीनानाथांच्या नावाने ओळखतो. ते लिहिणारा नाटककार अमरावतीचा होता, हे अमरावतीतही अनेकांना सांगावे लागते. (मी शेजारच्या अकोल्याचा, मलाही ते एम.ए.ला आल्यावर कळले!)

वीर वामनराव जोशी (१८८१–१९५६) हे टिळकपंथी पत्रकार होते. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. त्यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ ललितकलादर्शने १९१३ मध्ये रंगभूमीवर आणले. पुढे १९२७ मध्ये बलवंत संगीत मंडळीने ‘रणदुंदुभि’चा प्रयोग केला.

काळ जोखमीचा होता. नाट्यप्रयोग थांबवण्याचा अधिकार सरकारने १८७६ च्या कायद्याने स्वतःकडे घेतला होता, आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली होती. त्यामुळे नाटककार पुराणाच्या, इतिहासाच्या किंवा कल्पित राज्यांच्या आडून बोलत.

‘रणदुंदुभि’च्या पदांना चाली दिल्या रामकृष्णबुवा वझे यांनी. बुवा ग्वाल्हेर परंपरेचे ख्यालगायक, अनवट रागांचे जाणकार. पारतंत्र्यावरच्या पदाला कवायतीची चाल देणे सोपे होते. बुवांनी मात्र त्याला रागदारीचे अंग दिले, आणि माझ्या मते तिथेच बाजी मारली. घोषणा प्रसंगाबरोबर विरते. रागदारीतले पद बैठकीत जाते, तिथे नव्याने विस्तारता येते आणि गुरूकडून शिष्याकडे पोचते. त्यासाठी नाटकाचा पडदा वर जावा लागत नाही.

गाणारे दीनानाथ स्वतः बुवांकडे शिकलेले. या नाटकात ते तेजस्विनीच्या स्त्रीभूमिकेत उभे राहत. लुगडे नेसलेला तो आक्रमक, तानेचा गळा!

दूरचे एक उदाहरण आठवते. ब्रेंडन बीहनच्या आयरिश नाटकाच्या ग्रीक प्रयोगासाठी मिकिस थिओडोराकिस यांनी १९६२ मध्ये गाणी रचली. १९६७ मध्ये लष्करी राजवटीने थिओडोराकिस यांचे संगीत वाजवण्यावरच बंदी घातली. तरी ती गाणी ग्रीक जनतेच्या प्रतिकाराची झाली. मुळात ती एका नाटकातली होती, हे मागे पडले.

आपल्याकडेही पद नाटकातून सुटले. फक्त सुटताना वामनरावांचे नाव मागे राहिले. दीनानाथांचे जुने ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. पुढच्या वेळी ते कुणाला पाठवाल, तेव्हा गायकाबरोबर वझेबुवांचे आणि अमरावतीच्या वामनरावांचेही नाव लिहा.