पाच रुपयांचा परवाना: एका परमिट रूममधली संध्याकाळ

लालबाग-परळच्या पट्ट्यात, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एक परमिट रूम आहे. नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात मालकाला उगाच त्रास नको. गिरणगावात वाढलेल्यांना अशा चार-पाच जागा आठवतीलच. गेल्या महिन्यात मित्राबरोबर खूप वर्षांनी तिथे गेलो. जिन्याच्या भिंतीवर पुनर्विकासाची नोटीस डकवलेली दिसली, म्हटलं जाईल ही पण जागा, एकदा बसून घेऊ.

आत काही बदललेलं नाही. रस्त्याच्या बाजूच्या काचा रंगवून बंद केलेल्या, दाराला जाड पडदा. सनमायकाची टेबलं, कोपरे झिजून आतलं लाकूड दिसतंय. गल्ल्यावर मंजुनाथाचा फोटो, त्याला ताजा हार, आणि शेजारी फ्रेममध्ये लावलेले परवाने, एकाखाली एक. टीव्ही चालू, आवाज बंद. पोटमाळ्यावर एसी, तिथे पेगमागे जास्त पैसे, म्हणून म्हातारी मंडळी सगळी खाली. टेबलावर न मागता उकडलेले चणे, कांदा, लिंबाची फोड. इथे कोणी मेनूकार्ड उघडत नाही. वेटर अण्णा चेहरा बघून "नाइन्टी का क्वार्टर?" एवढंच विचारतात. आणि सगळे हळू आवाजात बोलतात. बाहेर कितीही मोठ्याने बोलणारा माणूस इथे आला की आवाज खाली घेतो, हे मी लहानपणापासून बघत आलोय. (लहानपणी आत नव्हे हो, दारात. वडिलांना बोलवायला.)

तर मी अण्णांना म्हटलं, "अण्णा, आधी परमिट द्या."

अण्णांना वाटलं मी चेष्टा करतोय. मग वाटलं मी खात्याचा माणूस आहे. चेहराच उतरला त्यांचा. मित्राने समजूत घातली, "अहो, याला लिहायचंय काहीतरी, वेडा आहे." तेव्हा कुठे गल्ल्याखालच्या खणातून एक पुस्तक निघालं. एक दिवसाचा परवाना, विदेशी मद्यासाठी पाच रुपये. देशीचा असेल तर दोन. वर्षाचा शंभर, आयुष्यभराचा हजार.

तुमच्यापैकी किती जणांनी हा कधी हातात घेतलाय? पिणाऱ्यांनाच विचारतोय. बहुतेकांना ठाऊकच नसतं की महाराष्ट्रात परवान्याशिवाय पिणं हा आजही गुन्हा आहे. कायद्याचं नाव 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९'. दारूनियंत्रण नाही, दारूबंदी. बंदी उठलीच नाही कधी. आपण सगळे त्या बंदीला अपवाद म्हणून पितो, आणि तो अपवाद आपल्या प्रकृतीच्या रक्षणासाठी दिलेला असतो. नियमांची भाषाच तशी आहे: आरोग्य टिकवण्यासाठी मद्य लागतं, म्हणून परवाना. समोरच्या टेबलावरचे काका तिसऱ्यांदा आरोग्य टिकवत होते.

'परमिट रूम' या शब्दाचा अर्थ एवढाच. ज्यांच्याकडे परमिट आहे त्यांनी बसून प्यायची खोली. पाटी रोज वाचतो आपण, पण ती पाटी म्हणजे एक कायदा आहे हे लक्षात येत नाही.

गोष्ट मात्र १९४९ च्या बरीच आधी सुरू होते. या शहरात, म्हणजे माहीम-दादर-वरळीच्या वाड्यांमध्ये, ताडी-माडी हे रोजचं पेय होतं. भंडारी समाजाचा तो पिढीजात धंदा. ठाणे-कुलाब्याकडे मोहाची दारू लोक घरीच काढत. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि हे मोडलं. घरगुती भट्ट्या बंद, दारू गाळायची ती सरकारने ठरवलेल्या कारखान्यांतच, उरणला गाळलेली मोहाची दारू मुंबईत येणार, आणि ताडीच्या झाडामागे कर. १८९२ मध्ये तर ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं गोळा करण्यावरच बंधन आलं. म्हणजे जंगलातलं फूल उचललं तरी गुन्हा. का, तर लोकांचं आरोग्य? छे. अबकारीचं उत्पन्न. काँग्रेसने पुढे दारूविरोधी चळवळ उचलली, दुकानांपुढे पिकेटिंग केलं, त्यात या उत्पन्नाचा राग मोठा होता. इंग्रज आपल्याला पाजून तिजोरी भरतोय, हा तो मुद्दा. आणि तो खोटा नव्हता.

म्हणून १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आल्यावर दारूबंदी येणारच होती. मुंबई शहरात ती लागू झाली १ ऑगस्ट १९३९ ला. खातं होतं डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे, स्वतः पारशी, नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. शहरातला दारूचा आणि ताडीचा धंदा मोठ्या प्रमाणात पारशांच्या हातात, त्यामुळे त्यांच्याच समाजातून त्यांच्यावर टीका झाली. बुडणारं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर नवा कर बसवला, त्यामुळे घरमालकही भडकले. पण महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि काही महिन्यांतच हा प्रयोग ढिला पडला.

दुसऱ्यांदा आली ती पक्की आली. पुन्हा खेर मुख्यमंत्री, गृहखातं मोरारजी देसाईंकडे. १९४९ चा कायदा, आणि १९५० च्या एप्रिलपासून मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं धोरण होतंच, त्यामुळे नैतिक पाठबळही होतं.

लगेच कोर्टात गेले एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ. त्यांनी मागितलेली यादी वाचण्यासारखी आहे: व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, औषधी वाइन, ओ-डि-कोलोन आणि लव्हेंडर वॉटर. हे सगळं बाळगायचा आणि वापरायचा माझा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. २५ मे १९५१ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. दारूबंदी करायचा राज्याचा अधिकार मान्य, पण अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यापुरत्या तरतुदी रद्द. थोडक्यात कोलोन जिंकलं, व्हिस्की हरली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल आजही शिकवतात.

आता खरी गंमत. गंमत म्हणजे काय, चीड येण्यासारखीच गोष्ट आहे. बंदी सगळ्यांना होती, पण परवाना सगळ्यांना नव्हता. डॉक्टरचं सर्टिफिकेट आणायचं, प्रकृतीला मद्य आवश्यक आहे असं लिहून घ्यायचं, मग महिन्याचा कोटा मिळायचा, तो 'युनिट'मध्ये मोजायचा. हे कोणाला जमणार? ज्याचा फॅमिली डॉक्टर आहे, ज्याला इंग्रजी अर्ज भरता येतो, ज्याच्या खिशात स्कॉचचे पैसे आहेत, त्याला. गिरणीतल्या साच्यावरच्या माणसाला कोण लिहून देणार की याच्या आरोग्यासाठी रम पाहिजे?

त्याच्यासाठी मग हातभट्टी. काळा गूळ, नवसागर, आणि काय काय त्यात पडायचं ते पिणाऱ्याला न कळलेलं बरं. धोबी तलाव, वांद्रे, माहीमकडे ख्रिस्ती बायकांच्या घरातले 'आंटीचे अड्डे'. माजघरात बाकडं टाकलेलं, नवटाक मारायचं, वर उकडलेलं अंडं, पैसे ठेवायचे आणि मागच्या दाराने बाहेर. 'पहिल्या धारेची' हा शब्द आपल्या भाषेत आपण कौतुकाने वापरतो, तो गावच्या भट्टीवरून आलेला खरा, पण शहरात त्याला भाव आला या काळात. अँटॉप हिल, सायन कोळीवाडा, धारावीच्या बाजूला या धंद्यातून वरदराजन मुदलियार उभा राहिला. मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास सांगताना सगळे सोन्याची तस्करी सांगतात, पण या शहरात गुन्हेगारीला रोजचा, रोख, खात्रीचा पैसा पहिल्यांदा दारूबंदीने दाखवला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि हवालदाराला हप्ता ही गोष्ट कोपऱ्याकोपऱ्यावर पोचवली तीही त्यानेच.

समोरचे काका एव्हाना आमच्या गप्पांत आले होते. गिरणीत होते, १८ जानेवारी १९८२ ला संपावर गेले ते परत आत गेलेच नाहीत. त्यांना मी या काळाबद्दल विचारलं. म्हणाले, "माझा बाप प्यायचा ना. पगाराच्या दिवशी आई गेटवर उभी राहायची. बंदी होती म्हणतोस, पण आम्हाला बंदी कधी दिसली नाही. पोलीस दिसायचे."

मी वहीत एवढंच लिहून घेतलं.

१९६० मध्ये राज्य वेगळं झालं. गुजरातने दारूबंदी घट्ट धरून ठेवली, महाराष्ट्राने सोडली. म्हणजे सोडली असं म्हटलं नाही, फक्त गाठ सैल केली. १९६३ नंतर वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत टप्प्याटप्प्याने परवाने सोपे झाले, डॉक्टरची अट गळाली, १९७३ मध्ये देशी दारूचे वेगळे नियम आले. कायदा रद्द करायचं धाडस कोणी केलं नाही, कारण गांधींच्या नावाने आणलेला कायदा रद्द करतो असं विधानसभेत उभं राहून कोण म्हणणार? त्यापेक्षा पाच रुपयांचं पुस्तक छापलेलं बरं. त्याच सुमाराला उडुपी-मंगळूरकडच्या शेट्टी मंडळींनी इडली-डोशाच्या हॉटेलांना परमिट रूम जोडले, आणि आपल्या ओळखीची ही खोली तयार झाली. अर्धं हॉटेल, अर्धा गुन्हा.

या खोलीचं 'कॅरेक्टर' म्हणून आज जे कौतुक चालतं, इन्स्टावर फोटो टाकतात, तो अंधार, तो पडदा, ती कुजबुज, खाली सगळे पुरुषच, हे सजावट म्हणून कोणी केलेलं नाही. लपून प्यायची सवय शहराला लागली आणि सवयीने भिंती बांधल्या. लंडनचा जुना पब घ्या, त्याचं नावच 'पब्लिक हाऊस'चं लघुरूप, सार्वजनिक घर. आपल्याकडे नाव पडलं परवान्यावरून. तिथे माणूस शेजाऱ्याला भेटायला जातो. आपल्याकडे शेजारी दिसला तर माणूस टेबल बदलतो. (हल्ली बंद गिरण्यांच्या आवारात काचेच्या भिंतींचे ब्रू पब निघालेत, तिथे बाहेरून सगळं दिसतं. पण तिथल्या एका ग्लासात काकांचा आठवडा निघेल.)

याचा अर्थ मी दारूचा प्रचार करतोय असा काढू नका, कॉमेंटमध्ये काही जण काढणारच. ज्या बायकांनी मतदान करून आपल्या वॉर्डात 'आडवी बाटली' केली, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती लोकांच्या चळवळीतून आली. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली, त्यावर अजून भांडण चालू आहे. ते भांडण खरं आहे, समोरासमोर आहे. माझा राग आहे तो न बोलता चालवलेल्या कारभारावर. डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीला, जून २०१५ मध्ये मालवणीला विषारी दारूने माणसं मेली, मालवणीत शंभरावर. कोण होती ती? ज्यांना देशीची बाटलीसुद्धा महाग होती ती.

आणि दुसरीकडे जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मिती खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं. अपेक्षा काय, वर्षाला १४ हजार कोटींचं जादा उत्पन्न. त्याआधी परमिट रूमवरचा व्हॅट ५ चा १० टक्के झालेला, परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलेलं. १४ जुलै २०२५ ला हॉटेलवाल्यांनी राज्यभर बार बंद ठेवले ते यासाठी. अबकारी उत्पन्नासाठी इंग्रजांना शिव्या देत जो कायदा जन्मला, त्याच कायद्याखाली हे चाललंय. २०१२ मध्ये या कायद्याच्या नावातलं 'मुंबई' काढून 'महाराष्ट्र' घातलं. तेव्हा पुढचा शब्दही एकदा वाचायला हरकत नव्हती.

अण्णांना मी विचारलं, ही पुस्तकं कोण वापरतं? ते हसले फक्त. मग म्हणाले, "साब, इन्स्पेक्टर आला तर लागतं. नाही आला तर नाही लागत." अडतीस वर्षं ते या खोलीत आहेत. पुनर्विकासानंतर मालक इथे परत येणार नाहीत म्हणे, मुलाला या धंद्यात रस नाही.

परवान्यावर माझं नाव त्यांनीच लिहिलं, मराठीत, सावकाश. तारीख टाकली. वयाच्या रकान्यापाशी थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलंच नाही, पंचवीसच्या वर आहे एवढं त्यांना दिसत होतं. पाच रुपये बिलात लावले नाहीत. मी आग्रह केला तर म्हणाले, "ठेवा साब, आजवर कोणी मागितलाच नव्हता."

काका उठले तेव्हा साडेनऊ झाले होते. पडदा बाजूला करून आधी त्यांनी डोकं बाहेर काढलं, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि मग फुटपाथवर उतरले.