नाव नसलेला पाहुणा

नीरा आणि भीमा जिथं मिळतात तिथं आमचं नरसिंहपूर. पावसाळा सरला की नदीकाठच्या चिंचा-आंब्यांतून बारीक ‘टर्रर्र’ ऐकू येतं. चिमणीहून लहान पाखरू, पाठ मातकट, पोट पांढुरकं. खालच्या फांदीवर पंख जरा खाली सोडून बसतं, शेपटी झटक्यानं वर उडवतं, किडा दिसला की टपकन उतरून परत सावलीत. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं दिसलं, की ओळख पक्की: लाल कंठाचा माशीमार. लाल गळा मात्र वयात आलेल्या नराचाच. मादी आणि पिल्लं फिकी.

गावात विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘‘असंल चिमणीचीच जात.’’

नावांचा इतिहास असा गमतीचा. 1824 साली मुंबई सरकारनं कर्नल साइक्सला दख्खनच्या पाहणीवर नेमलं. त्यानं 1832 मध्ये इथल्या पाखरांची यादी छापली, पुढं माशांचीही. माशांना त्यानं कोलुस, मुसुल्ला अशी नावं दिली, ती शास्त्रात अजून आहेत. मासा जाळ्यात येतो, बाजारात विकतो, म्हणून त्याला नाव असतं. हे पाखरू ना पिकाला खातं, ना कुणाच्या ताटात येतं. त्याला नाव देणार कोण?

त्याला शास्त्रीय नाव मिळालं 1792 मध्ये, दूर जर्मनीत. पूर्व युरोपातल्या जंगलांत ते वीण घालतं. तिकडची कितीतरी पाखरं थंडीत आफ्रिका गाठतात, हे मात्र आपल्याकडं वळतं. सैबेरियाकडचा त्याचा भाऊबंद एकविसावं शतक उजाडेपर्यंत याच जातीत मोजत. त्याच्या नराची लाली थंडीत जाते, शेपटीवरची पिसं काळीभोर असतात. आपल्याकडच्याची लाली टिकते.

आज लोक भिगवणला रोहित बघायला गाड्या करून येतात. या पाखरासाठी कोण येणार? त्याला पाणथळ नको, दाट सावली हवी. आणि सावलीत ऊस पोसत नाही म्हणून बांधावरची झाडं एकेक करून गेली. झाड तोडताना आपण आंबा मोजतो, जळण मोजतो. हजारो मैल उडून आलेला पाहुणा कुठल्या हिशेबात धरायचा, ते अजून ठरलेलं नाही. निदान त्याला नावानं हाक मारायला तरी शिकूया. नाव असलेल्याचीच माणूस चौकशी करतो.